२३ किलोंत काय बसवायचं? जर्मनीला शिकायला निघताना बॅग कशी भरावी

हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी ही लेखी आवृत्ती. बोलतानाची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे, फक्त "म्हणजे", "ॲक्च्युअली" वगैरे काढून टाकलंय. ते फार होते.

दर वर्षी जुलै-ऑगस्ट आला की एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो. "दादा, व्हिसा आला. सप्टेंबरअखेरीस निघायचंय. बॅगेत काय भरू?" आणि त्याच्याखाली एक फाइल जोडलेली असते. कोणत्या तरी सीनियरने त्याच्या सीनियरकडून घेतलेली, १८० वस्तूंची यादी. त्यात नेलकटरपासून पोळपाटापर्यंत सगळं असतं. फक्त वजन कुठेच लिहिलेलं नसतं.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बीटेकनंतर आमच्या बॅचमधले बरेच जण मास्टर्ससाठी जर्मनीला गेले आणि दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीणही गेली. यातल्या अनेकांच्या बॅगा मी उचलून, तोलून बघितल्यात आणि तिथे पोहोचल्यावर त्यांचे "अरे, हे उगाच आणलं" आणि "अरे, ते राहिलं" असे दोन्ही प्रकारचे फोनही ऐकलेत. त्यातून जे कळलं ते आज नीट मांडतो. उदाहरण जर्मनीचं आहे. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी विचार करायची पद्धत घ्यावी, नियम मात्र त्या त्या देशाचे बघावेत.

आधी गणित

बॅग दोन वर्षांसाठी भरायला बसलात तर जगातली कुठलीच बॅग पुरणार नाही. बॅग पहिल्या महिन्यासाठी भरायची. त्या महिन्यात तुम्हाला दुकानं कळतात, बँक खातं सुरू होतं, कुणीतरी ओळखीचं होतं. त्यानंतर तुम्ही तिथले रहिवासी असता, प्रवासी नसता.

आता वजन. इकॉनॉमीच्या तिकिटावर साधारणपणे २३ किलोंची एक किंवा दोन चेक-इन बॅगा आणि सात-आठ किलोंची एक केबिन बॅग असते. तुमच्या तिकिटावर काय आहे ते आज बघा, विमानतळावर नको. काही कंपन्या विद्यार्थ्यांना जास्तीची बॅग देतात, पण त्यासाठी तिकीट काढतानाच विद्यार्थी भाडं निवडावं लागतं. आणि एकाच बॅगेत ३२ किलोंपेक्षा जास्त वजन सहसा पैसे देऊनही घेत नाहीत, कारण ती बॅग उचलणारी माणसं असतात.

२३ किलोंची एक बॅग धरून हिशेब करू. रिकाम्या बॅगेचंच वजन चार किलो. कपडे सात. बुटांचा एक जोड दीड किलो, दुसरा पायात. चादर, पांघरूण दोन. कुकर आणि थोडी भांडी तीन. खाऊ-मसाले तीन. औषधं, चष्मे एक. वायरी, ॲडॉप्टर अर्धा. झाले २२. वर एक किलो मोकळा ठेवायचा, कारण घरचा काटा आणि विमानतळाचा काटा यांचं नेहमी पटतंच असं नाही.

दुसरी बॅग मिळाली तर हेच आकडे थोडे सैल करा. पण हिशेब आधी कागदावर मांडा आणि मग भरा.

एक गंमत सांगतो. हल्ली सगळे हवा काढून घट्ट करायच्या त्या पिशव्या आणतात. कपडे चपटे होतात, बॅगेत भरपूर जागा दिसते, मग जागा दिसली म्हणून आणखी भरलं जातं आणि बॅग २९ किलोंवर जाते. त्या पिशव्या आकार कमी करतात, वजन नाही. आपली अडचण वजनाची आहे. मोठं पांघरूण किंवा जॅकेट असेल तर एखादी वापरा, बाकी नको.

वजन करायला हातात धरायचा काटा चारपाचशे रुपयांत मिळतो. नसेल तर बॅग घेऊन साध्या वजनकाट्यावर उभे राहा आणि मग स्वतःचं वजन वजा करा.

प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना हे लगेच पटेल. वस्तू हातात घ्या आणि विचारा.

पहिला प्रश्न, हे तिथे मिळतं का? शाम्पू, साबण, टूथपेस्ट, बादली, हँगर, वह्या हे सगळं मिळतं, आणि डीएम किंवा रॉसमानसारख्या दुकानांत बऱ्यापैकी स्वस्त मिळतं. मग सहा महिन्यांचा साबण कशाला न्यायचा?

दुसरा प्रश्न, ते मिळेपर्यंत माझं काही अडेल का? चादर तिथे मिळते, पण पहिल्या रात्री चादर नसेल तर अडतं. म्हणून चादर बॅगेत.

तिसरा प्रश्न, हे हरवलं तर परत मिळेल का? पदवीचं मूळ प्रमाणपत्र, रोजची औषधं, लॅपटॉप. उत्तर "नाही" किंवा "फार त्रासाने" असं आलं की ती वस्तू केबिन बॅगेत. चेक-इन बॅगेत अजिबात नाही.

या तीन प्रश्नांत त्या १८० वस्तूंची यादी निम्म्यावर येते. करून बघा.

केबिन बॅग: मोठी बॅग आलीच नाही असं धरून चाला

माझ्या बहिणीचं असंच झालं. वाटेत विमान बदलायचं होतं, पहिलं विमान उशिरा पोहोचलं, ती पळत पळत दुसऱ्यात चढली, पण बॅगा मागेच राहिल्या. शनिवारी संध्याकाळी ती नुसती केबिन बॅग घेऊन खोलीवर पोहोचली. बॅगा सोमवारी रात्री आल्या. मधल्या दोन दिवसांत तिचं फारसं अडलं नाही, कारण कागद, औषधं, एक गरम कपडा, कपड्यांचा एक जोड, टूथब्रश, चार्जर आणि थेपल्यांचं एक पाकीट तिच्याजवळ होतं. पांघरूण मात्र बॅगेत होतं. पहिल्या रात्री ती जॅकेट घालून झोपली.

तर केबिन बॅगेत काय असावं?

कागदपत्रं. पासपोर्ट आणि व्हिसा, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, आरोग्य विम्याचे कागद, एपीएस प्रमाणपत्र, दहावी-बारावीपासूनच्या मूळ मार्कशीट, पदवी, भाषेच्या परीक्षेचा निकाल, जन्मदाखला, राहण्याच्या जागेचा करार. विमानतळावर अधिकारी प्रवेशपत्र आणि पैशांची सोय विचारू शकतो, त्यामुळे ते दोन कागद सगळ्यात वर. सगळ्याचे स्कॅन मेलमध्ये ठेवा आणि एक झेरॉक्स संच मोठ्या बॅगेत. फाइल प्लास्टिकच्या खिशांची घ्या, पंच केलेली नको. मूळ पदवीला भोकं पाडायची नाहीत.

हे कागद फक्त विमानतळापुरते नसतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत तिथल्या नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाकडून एक सही केलेला फॉर्म लागतो. ही नोंदणी झाली की पुढची बरीच कामं सुटतात.

पैसे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो भरलेले असतात. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा आहे. पण ते पैसे महिन्याला ९९२ युरो असे सुटतात, आणि तेही तिथलं खातं सुरू झाल्यावर. उलट घरमालकाला डिपॉझिट लगेच हवं असतं, आणि ते कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकतं. म्हणजे खात्यात पैसे आहेत आणि हातात नाहीत, असे काही आठवडे जातात. त्यासाठी फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख युरो हवेतच. जर्मनीत अजूनही रोखीचे व्यवहार चालतात. दहा-वीसच्या नोटा घ्या. आपल्या नियमांप्रमाणे परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात ३,००० डॉलर्स इतक्या मूल्यापर्यंत नेता येतात. तेवढ्या कुणी न्यायला सांगत नाहीये, पण मर्यादा माहीत असावी.

फोन. हा मुद्दा बहुतेक यादीत नसतो. तुमचं भारतीय सिम चालू राहिलं पाहिजे, कारण बँकेचा ओटीपी त्यावर येतो. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, रिचार्जची मुदत बघा आणि दोन सिम चालतील असा फोन ठेवा. सिम बंद पडलं की इथलं बँक खातं हातात असून नसल्यासारखं होतं. शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेतल्या कामांसाठी आईबाबांच्या नावे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच करून ठेवा.

पॉवर बँक. हा केबिन बॅगेतच. चेक-इन बॅगेत सापडला तर बॅग उघडायला तुम्हाला परत बोलावतात. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. पॉवर बँकेवर एमएएच लिहिलेलं असतं, त्याला ३.७ ने गुणा आणि १,००० ने भागा. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, चालतो. २७,००० म्हणजे जवळजवळ १००, अगदी काठावर. त्यापेक्षा मोठा असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते. आणि २०२५ पासून अनेक कंपन्यांनी विमानात पॉवर बँक वापरायलाच बंदी केली आहे. जवळ ठेवा, पण चार्जिंग आधीच उरकून घ्या.

बॅग उशिरा आली तर काय करायचं तेही ऐकून ठेवा. विमानतळ सोडण्यापूर्वी काउंटरवर तक्रार नोंदवा आणि त्याचा क्रमांक घ्या. मधल्या काळात गरजेच्या वस्तू घेतल्या तर बिलं जपून ठेवा. माँट्रियल करारानुसार उशिराच्या बॅगेसाठी ती मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि नुकसान झालं असेल तर सात दिवसांत लेखी दावा करावा लागतो. बॅग बंद करण्यापूर्वी उघड्या बॅगेचा फोटो काढून ठेवला तर आत काय होतं ते सांगणं सोपं जातं.

पहिले दोन दिवस आणि रविवार

जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. आपल्याकडे रविवार म्हणजे खरेदीचा दिवस, त्यामुळे हे डोक्यात बसत नाही. किराणा, भांडी, चादरी, सगळं बंद. मोठी रेल्वे स्टेशनं, पेट्रोल पंप, काही बेकऱ्या तेवढ्या उघड्या. आणि हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं, तर ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते. ती शुक्रवारी किंवा सोमवारी आली की त्या तीन दिवसांत फक्त शनिवारी दुकानं उघडी मिळतात.

त्यामुळे जमलं तर तिकीट आठवड्याच्या मधलं काढा. मंगळवारी-बुधवारी सकाळी पोहोचणारं विमान सगळ्यात सोयीचं.

खोली कशी असेल? विद्यार्थी वसतिगृहात पलंग, गादी, टेबल, कपाट मिळतं. उशी, चादर, पांघरूण बहुतेक वेळा नसतं. स्वयंपाकघर असतं, भांडी नसतात. बाहेर खासगी घर घेतलं तर कधी छताला दिवासुद्धा नसतो, नुसती वायर लोंबत असते. म्हणून एक चादर, एक उशीचा अभ्रा, एक पांघरूण, एक पातळ टॉवेल, एक ताट-वाटी-चमचा आणि दोन दिवसांचं तयार खाणं, एवढं लागतंच. सोलापुरी चादर हे यातलं सगळ्यात उपयोगी प्रकरण. ऑक्टोबरमध्ये पांघरूण, नंतर पलंगपोस, आणि फार आठवण आली तर खांद्यावर.

औषधं आणि चष्मा

तिथे अँटिबायोटिक्स डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. साधी पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात नाही, फक्त औषधांच्या दुकानात मिळते. आणि ते दुकान रविवारी बंद, फक्त पाळीवरचं एखादं उघडं.

स्वतःच्या वापरापुरती औषधं नेता येतात. प्रमाण सुमारे तीन महिन्यांच्या गरजेइतकं ठेवा. रोजची औषधं मूळ पाकिटातच ठेवा, गोळ्या काढून डबीत भरू नका. डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेली चिठ्ठी घ्या आणि त्यावर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपली ब्रँडची नावं तिथल्या डॉक्टरांना कळणार नाहीत, मूळ नाव कळेल.

कोडीनवालं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, झोपेच्या गोळ्या असलं काही "असू दे" म्हणून टाकू नका. विमान आखाती देशांतून बदलणार असेल तर याबाबत जास्तच काळजी घ्या, तिथले कायदे कडक आहेत.

चष्म्याचे दोन जोड आणि नंबरचा कागद न्या. दाताचं काही राहिलं असेल तर निघण्यापूर्वी उरकून घ्या. डोळे आणि दात या दोन गोष्टी इथून करून जाणाऱ्यांपैकी कुणी कधी तक्रार केलेली मी ऐकली नाही.

कुकर, प्लग आणि फोडणी

कुकर न्यायचा का? हो. तीन लिटरचा. पण आधी एक लोहचुंबक घ्या आणि कुकरच्या तळाला लावून बघा. चिकटला तर तो इंडक्शनवर चालेल, नाही चिकटला तर नाही. साध्या ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शन शेगडीवर गरमच होत नाही. तिथे गॅस क्वचित असतो, शेगड्या विजेच्या, आणि तुमच्या वाट्याला जुनी तवेवाली येईल की इंडक्शन ते आधी सांगता येत नाही. दोन्हीकडे चालणारा न्या. सोबत जादा रिंग, शिट्टी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. शंभर ग्रॅमसुद्धा वजन नाही, पण रिंग गेली की अख्खा कुकर निकामी. कुकरच्या पोटात मसाल्यांची पाकिटं भरा, जागा वाया घालवू नका. लाटणं, सुरी, कात्री चेक-इन बॅगेत.

वीज. जर्मनीत २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, म्हणजे आपल्यासारखीच. त्यामुळे इथला मिक्सर तिथे चालतो. अमेरिकेत १२० व्होल्ट असतात, तिथे नेऊ नका. आपले दोन बारीक गोल पिनांचे मोबाइल चार्जर जर्मन सॉकेटमध्ये सरळ बसतात. तीन पिनांचे बसत नाहीत, त्यांना ॲडॉप्टर हवा. पाच ॲडॉप्टर घेण्यापेक्षा एक चांगला ॲडॉप्टर आणि इथला एक एक्स्टेन्शन बोर्ड न्या, सगळं त्यावर लावता येतं. पण लॅपटॉप, फोन, फार तर मिक्सर. आपला साधा बोर्ड ६ अँपिअरचा असतो, म्हणजे २३० गुणिले ६, १,३८० वॉट. पाण्याची इलेक्ट्रिक किटली एकटीच दोन हजारांच्या आसपास जाते. ती बोर्डावर लावायची नाही, थेट भिंतीत, आणि तिथलीच विकत घ्यायची.

आणि फोडणी. तिथे घरांमध्ये धुराचे अलार्म बसवणं सक्तीचं आहे. एका खोलीचं घर असेल तर शेगडी आणि पलंग एकाच खोलीत, अलार्म डोक्यावर. मिरचीची खमंग फोडणी दिली की तो ओरडतो. खिडकी उघडा, चिमणी लावा, तेल कमी तापवा. काही वसतिगृहांत अलार्म थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो, आणि विनाकारण आलेल्या बंबाचं बिल येऊ शकतं.

खाऊ: इथे कायदा आहे

हा भाग आईला ऐकवा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, खवा, पेढे, बर्फी, पनीर, श्रीखंड, यातलं काही नाही. सापडलं तर जप्त होतं, दंडही होऊ शकतो.

ताजी फळं, भाज्या, पानं यांना आरोग्य प्रमाणपत्र लागतं. म्हणजे ताजा कढीपत्ता, लिंबं, हिरव्या मिरच्या, आंबे राहू द्या. या नियमातून फक्त पाच फळं सुटली आहेत. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन.

मजा म्हणजे कोकणातल्या मंडळींना सुके बोंबील चालतात! वाळवलेली मासळी स्वतःच्या वापरापुरती २० किलोंपर्यंत नेता येते. तूप नाही, पण बोंबील हो. फक्त वसतिगृहातल्या शेजाऱ्यांचा विचार करा, आणि पाकीट तीनदा सील करा.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांची अडचण युरोपात नाही, इथेच आहे. सुकं खोबरं तेलकट असतं, आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमान वाहतुकीत ते धोकादायक मालात मोडतं आणि आपल्या विमानतळावरच काढून ठेवतात. आणि विमान आखाती देशांतून जाणार असेल तर खसखस नको, संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. गोडा मसाला त्या वर्षापुरता खसखशीशिवाय करा.

मग न्यायचं काय? तिथे जे मिळत नाही ते. डाळ, तांदूळ, आटा, हळद, जिरे सगळ्या विद्यापीठांच्या शहरांत भारतीय, आशियाई किंवा तुर्की दुकानांत मिळतं. मिळत नाही ते गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, आमसुलं, घरची चटणी, घरचं तिखट. दोन किलोंत सहा महिने निघतात. खायला चिवडा, चकली, तेलातले शंकरपाळे. लोणचं चेक-इन बॅगेत, झाकणाखाली प्लास्टिक लावून, दोन पिशव्यांत, कपड्यांच्या मधोमध.

घरच्या मसाल्याच्या प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत नाव आणि आत काय आहे ते चिकटवा. खाकी रंगाची बिनानावाची पूड बघून कस्टमच्या माणसाला प्रश्न पडणारच. त्याने विचारायच्या आधी पाकीट बोललं तर बरं.

कपडे

ऑक्टोबरमध्ये दिवसा साधारण दहा-पंधरा अंश, रात्री त्याहून कमी. खरा कडाका डिसेंबर ते फेब्रुवारी. त्यामुळे इथून हवं एक मध्यम जॅकेट, दोन थर्मल, दोन स्वेटर, पाऊस झेलतील असे बूट आणि रोजचे सात-आठ जोड. जाडजूड हिवाळी कोट तिथे जाऊन घ्या. आपल्याकडे मिळणारा कोट सहसा तिथल्या ओल्या थंडीसाठी केलेला नसतो, आणि बॅगेत दोन किलो खातो. जॅकेट प्रवासात अंगावर घाला, बूट पायात. अंगावरचं वजन कुणी करत नाही.

एक सणाचा पोशाख मात्र न्या. दिवाळी पोहोचल्यावर थोड्याच आठवड्यांत येते. जर्मनीतल्या मोठ्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, त्यांचे कार्यक्रम होतात. पहिल्या दिवाळीला जीन्स घालून बसायला बरं वाटत नाही, असं बरेच जण सांगतात.

आईचे तीन किलो

आता खरी गोष्ट. बॅगेवरून घरात जी भांडणं होतात ती सामानावरून नसतात. मुलगा म्हणतो, तिथे सगळं मिळतं. आई म्हणते, असू दे. दोघंही खरं बोलत असतात. मुलगा वस्तूंबद्दल बोलतोय, आई तिला वाटणाऱ्या काळजीबद्दल. ती काळजी मग डब्यात, पिशवीत, मोज्यांच्या आत पुडीत शिरते, आणि विमानतळावर बॅग २७ किलो भरते. मग सगळ्यांसमोर बॅग उघडून, आईच्या डोळ्यांदेखत तेच डबे बाहेर काढावे लागतात. निरोप द्यायच्या अर्ध्या तासात हे दृश्य कुणालाच नको असतं.

आमच्या घरी यावर एक तोडगा निघाला. हिशेबातले खाऊ-मसाल्याचे तीन किलो आईचे. त्यात काय भरायचं ते तिने ठरवायचं, कुणी "हे कशाला" विचारायचं नाही. नियमांत बसणारं हवं आणि काट्यावर तीन किलो, एवढ्या दोनच अटी. तुपातल्या बेसन लाडवांचा डबा यात बसला नाही. मग निघायच्या आधीचा आठवडाभर सगळ्यांनी तेच खाल्ले, आणि बहिणीने आईच्या शेजारी उभं राहून बेसन भाजायला शिकून घेतलं. कृतीला वजन नसतं.

बाबांचंही एक काम ठेवा. कागदपत्रांची तपासणी त्यांच्याकडे द्या. यादी त्यांच्या हातात, फाइल तुमच्या हातात, एकेक कागद वाचून खूण करायची. दोनदा. बाबा लोकांना हे काम फार मनापासून जमतं.

निघायच्या आधी

दोन दिवस आधी बॅग पूर्ण भरून, बंद करून, वजन करा. आदल्या रात्री नाही. काढायचं असेल तर शांतपणे काढता आलं पाहिजे. बॅग स्वतः उचलून एक जिना चढून बघा. फ्रँकफर्टला उतरल्यावर पुढे ट्रेन बदलायची असेल तर ती बॅग तुम्हालाच ओढायचीये, आणि स्टेशनावरची लिफ्ट बंद असू शकते. बॅगेच्या आतही एका कागदावर नाव, ईमेल आणि तिथला पत्ता लिहून ठेवा, बाहेरची चिठ्ठी फाटते. तिथला पत्ता एका कागदावर खिशातही ठेवा, फोनची बॅटरी संपते.

आणि काही राहिलंच, तर पासपोर्ट, कागद, औषधं, फोन आणि पैसे जवळ आहेत ना, एवढं बघा. हे पाच असतील तर बाकी सगळं सोमवारी सकाळी दुकान उघडलं की मिळतं.

तुमच्यापैकी कुणी नुकतं गेलं असेल तर "हे नेलं ते बरं झालं" अशी एक वस्तू कळवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना उपयोग होईल. चला, भेटूया पुढच्या भागात. तोवर बॅग हलकी ठेवा!